बॉलपेनची दुरुस्ती

पाकीट आलं तेव्हा मी अशोक चौकात
मागच्या चाकाचं पंक्चर काढून घेत होतो.
पोस्टमन नदाफ म्हणाला, "परदेशचं हाय बे, सही कर."
तिकिटावर डोंगर होता, डोंगराखाली तळं.
तळं आपल्याकडंही आहे,
सिद्धेश्वराच्या पायाशी,
पण त्याचं तिकीट अजून कुणी काढलेलं नाही.

वर्गणी भरायला गेलो होतो तेव्हा
बँकेतल्या बाईंनी तीनदा विचारलं,
"हे पैसे नक्की कशाचे?"
खेळाच्या बातम्या लिहिणाऱ्यांची
जगभरची एक संघटना आहे, म्हणालो.
"ती काय देते?"
कार्ड.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला.

अर्जात एक रकाना होता:
आजवर किती जागतिक स्पर्धांचं वार्तांकन केलं?
शून्य लिहिलं.
जागा उरली होती, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलं:
जिल्हा खो-खो, सव्वीस वर्षं.
पत्रकार कक्ष: पार्क मैदानाची पश्चिमेची भिंत,
चारनंतर सावली.

आता कार्ड हातात.
फोटो माझाच, दहा वर्षांपूर्वीचा.
नाव मात्र गुंडेटीचं झालेलं
गुडनेटी.

गुडनेटी!
आजोबा करीमनगरहून मागावर बसायला आले
तेव्हा गिरणीच्या हजेरीबुकात
चार मुकादमांनी चार प्रकारे लिहिलं आडनाव,
पण त्यात नेट कुणी बांधलं नव्हतं.

संध्याकाळी पार्कवर गेलो.
फाटकावर सिद्रामप्पा.
जगातल्या कुठल्याही मैदानात चालतं म्हणे,
असं म्हणत कार्ड पुढं केलं.
त्यानं लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.
"केस काळे कसे काय यात?" म्हणाला,
आणि फाटक उघडलं,
जे तसंही उघडंच होतं.

आत मुलींचा सराव चाललेला.
खांबाशी शिट्टी घेऊन रेणुका.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ती अंतिम सामन्यात,
अंगावर शाळेचा विटका टी-शर्ट,
तीन मिनिटं दहा सेकंद पळाली होती,
शेवटचा गडी, धुळीनं भुवया पांढऱ्या.
बातमी फोनवरून सांगितली मी,
टॉवेलच्या कारखान्यातून,
मागं सोळा यंत्रमाग धडधडत.
सकाळी छापून आलं, रेणुका बनसोडे.
ती बंदपट्टे.

मला कळलं बारा वर्षांनी,
तिच्या घरी चहाला गेलो तेव्हा.
भिंतीवर चौकट, चौकटीत कात्रण,
बनसोडेवर एक रेघ
आणि वर निळ्या बॉलपेननं, शाळेच्या अक्षरात,
बंदपट्टे.
फोन का नाही केलास गं?
"आई म्हणली, त्येस्नी किती नावं असतेत.
पळालेलं तर खरं लिवलंय की."
तेव्हा चहा कसा संपवला आठवत नाही.

आज कार्ड दाखवलं तिला.
वाचलं, आणि हसली नाही.
हजेरीच्या वहीतलं पेन काढून दिलं,
निळंच.
मी खोडायला गेलो.
प्लॅस्टिक गुळगुळीत, शाई धरेना.
गुडनेटी जसाच्या तसा,
माझ्या अंगठ्याला मात्र डाग,
मतदान करून आल्यासारखा.

"कळवा की त्यास्नी," ती म्हणाली.
कळवीन.
मागं धडधड असेल त्यांच्याही,
दीडशे देशांतली आडनावं
एका कुणाला तरी टंकावी लागत असतील
जेवणाच्या सुट्टीआधी.

सात वाजता कचेरीत फोन लावला.
डेस्कवर नवा पोरगा, घाईत.
"सर, निकाल सांगा फक्त, जागा नाही."
निकाल सांगतो, म्हटलं, आधी नावं घे.
प्रशिक्षक, रेणुका.
पुढं लिही: ब.
बदकातला ब.
वर टिंब.
टिंब दिलंस का?
वाचून दाखव.